वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?



दिवाळीचा फराळ संपत आला की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे निरोप सुरू होतात. एक म्हणजे "चकलीची रेसिपी पाठवा ना", आणि दुसरा "सोमवारपासून डाएट". आजचा लेख त्या दुसऱ्या निरोपासाठी आहे. पण सल्ला देण्याआधी मला एक कबुली द्यायची आहे. मागच्या वर्षी मी माझ्या आईला असाच एक डाएट लावून दिला होता. वजन छान उतरलं, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्या चुकल्या होत्या.

माझं माहेर मोहगाव. सौंसरजवळचं. नकाशात मध्य प्रदेश, घरात मराठी. २०२३ पर्यंत आम्ही छिंदवाडा जिल्ह्यात होतो, आता पांढुर्णा जिल्ह्यात आहोत. संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर, आणि अर्धनारीश्वराचं मंदिर ही आमच्या गावाची ओळख. आई भाऊ-वहिनीसोबत तिथेच राहते. वय ६८.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तिची शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली, "थोडं वजन कमी करा, चालत जा" म्हणाले. एवढंच. पुढचं सगळं डोकं माझं. फोनवरून मी फर्मान काढलं: रात्रीची भाकर बंद, वरण अर्धी वाटी, दूध नको, शेंगदाणे नकोत, तूप तर नावालाही नको. आईने ते व्रतासारखं पाळलं. सहा महिन्यांत ५८ किलोची ५१ झाली. मी कुटुंबाच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला, खाली पंचवीस अंगठे आले.

मग महाशिवरात्र आली. मंदिरात आई नेहमीसारखी खाली बसली, दर्शन झालं, आणि उठायची वेळ आली तेव्हा तिला उठता येईना. हात टेकवून बघितले, एका कुशीवर होऊन बघितलं. शेवटी हसून म्हणाली, "अव बाई, मले उठताच नाही येऊन राह्यलं." मी आणि काकूने दोन्हीकडून काखेत हात घालून तिला उभं केलं. ज्या बाईने उमेदीच्या वयात कपाशीचं गाठोडं डोक्यावर घेऊन शेतातून घर गाठलं, तिला आम्ही उचलत होतो. घरी येताना ती एवढंच बोलली, "वजन तं उतरलं, पण त्याच्यासंगं ताकदही उतरली."

तिच्या या एका वाक्यात आजचा सगळा विषय आहे.

काटा काय सांगत नाही

वजनकाटा एकच आकडा दाखवतो. त्या आकड्यात हाडं आहेत, पाणी आहे, चरबी आहे आणि स्नायू आहेत. कोण किती, हे काटा सांगत नाही. ६५ किलोची दोन माणसं शेजारी उभी करा. एकाच्या अंगात १२ किलो चरबी असेल, दुसऱ्याच्या २० किलो. काट्याला दोघं सारखीच.

आपण जेवण कमी केलं की शरीर साठ्यातून खर्च भागवतं. मोठा साठा चरबीचा, पण शरीर फक्त तिलाच हात लावत नाही. स्नायूही मोडीत काढतं. स्नायू पोसायला खर्च येतो, आणि जो स्नायू रोज कामाला लागत नाही तो शरीराला बिनकामाचा वाटतो. त्यात ताटात प्रथिनं कमी असतील तर झीज भरून काढायला मालच नसतो. आईच्या बाबतीत दोन्ही झालं. घरकामापलीकडे अंगाला जोर नाही, आणि ताटातलं वरण मी अर्धं केलेलं.

बरं, शुगर असणाऱ्याला हे दुप्पट महागात पडतं. जेवल्यावर रक्तात येणारी साखर साठवून ठेवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे आपले स्नायू. ते कमी केले म्हणजे साखर ठेवायचं कोठारच लहान केलं. मी शुगरसाठी डाएट लावला आणि कोठाराच्या भिंती पाडल्या.

पुण्यातला एक प्रसिद्ध फोटो

"आम्ही तर बारीकच आहोत, आमचा काय संबंध?" असं तरुण मंडळी म्हणतील, म्हणून ही गोष्ट.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. दिसायला दोघंही सडपातळ. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांनी त्यात स्वतःची थट्टाही केली आहे. एक जण फावल्या वेळात मॅरेथॉन पळतो, आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत आत शिरणं.

थट्टेमागे गंभीर काम होतं. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती; कमी होते ते स्नायू. म्हणजे आपल्यापैकी अनेकांची सुरुवातच थोड्या स्नायूंनी होते. मग आयुष्यभर खुर्ची, लिफ्ट, स्कूटर. बाहेरून बारीक, आतून चरबी. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची खूण २५ ऐवजी २३ला लावतात, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांची ८०च्या वर गेली की सावध व्हायला सांगतात.

ज्याच्या गाठीला मुळात थोडंच आहे, त्याने खर्च करताना कशाला हात लावतोय हे बघायला नको का?

आहार आणि ताकद, दोन्ही मिळून

अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या १६० लठ्ठ माणसांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. चार गट होते. एका गटात काहीच बदल केला नाही. बाकी तिन्ही गटांना कमी उष्मांकांचा आहार दिला. त्यासोबत एकाला चालण्या-सायकलीसारखा व्यायाम, दुसऱ्याला वजनं उचलण्याचा व्यायाम, आणि तिसऱ्याला दोन्ही. सहा महिन्यांनी तिन्ही गटांचं वजन सारखंच, सुमारे ९ टक्के उतरलं होतं. काट्याने विचारलं असतं तर तिघं बरोबरीत.

पण आत बघितल्यावर फरक दिसला. नुसतं चालणाऱ्यांचा चरबी सोडून बाकीचा ऐवज, ज्यात स्नायू मोठा, ५ टक्के घटला होता. वजनं उचलणाऱ्यांचा २ टक्के, आणि दोन्ही करणाऱ्यांचा ३ टक्के. उठणं, चढणं, वस्तू उचलणं अशा रोजच्या हालचालींच्या परीक्षेत दोन्ही करणारे २१ टक्क्यांनी सुधारले, एकच व्यायाम करणारे १४ टक्क्यांनी. म्हणजे चालणं वाईट नाही, ते हवंच. पण ते एकटं पुरत नाही.

तरुणांवरचा प्रयोग याहून मजेशीर आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांक दिले आणि आठवड्यातले सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला. अर्ध्यांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं, बाकीच्यांना २.४ ग्रॅम. पहिल्या गटाची चरबी ३.५ किलोने गेली आणि स्नायूंचा ऐवज जवळपास तसाच राहिला. दुसऱ्या गटाची चरबी ४.८ किलोने गेली, आणि उपाशीपणातही तो ऐवज १.२ किलोने वाढला. हा देखरेखीखालचा कडक कार्यक्रम होता, घरी नक्कल करण्यासारखा नाही. पण त्यातून मुद्दा कळतो. व्यायाम शरीराला सांगतो "हा स्नायू लागतो, हात लावू नकोस", आणि प्रथिनं त्याला बांधायला विटा पुरवतात. निरोप आहे पण विटा नाहीत, किंवा विटा आहेत पण निरोपच नाही, दोन्हीकडे काम अर्धवट राहतं.

एक गैरसमजही इथेच मिटवू. चरबीचा स्नायू होत नाही आणि व्यायाम सोडला म्हणून स्नायूची चरबी होत नाही. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. एक कमी करायची, दुसरी राखायची.

ताटाचं गणित

आता स्वयंपाकघरात येऊ. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. हे किमान. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना साधारण १.२ ते १.६ ग्रॅम उपयोगी पडतात, आणि वयस्कांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ सुचवतात. ६५ किलोच्या माणसाचं किमान झालं ५४ ग्रॅम, व्यायाम करणाऱ्याचं ७८ ते १०४.

आपलं नेहमीचं शाकाहारी ताट मांडून बघा. सकाळी पोहे आणि चहा: ६ ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी १२, पातळ वरण ६, भाजी २. संध्याकाळी चहा-चिवडा ३. रात्री पोळी, भात, पुन्हा तेच पातळ वरण: १५. बेरीज ४४. पोट भरलं, गणित नाही भरलं.

आता हेच ताट थोडं हलवू. सकाळी ५० ग्रॅम बेसनाचं धिरडं (११) आणि पेलाभर दूध (८). दुपारी त्याच दोन भाकरी (१२), ६० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण (१३), वाटीभर दही (५), भाजी (२). संध्याकाळी मूठ-दीड मूठ फुटाणे (८). रात्री ३० ग्रॅम सोयाबीन वडीची भाजी (१५) आणि दोन पोळ्या (८). बेरीज ८२. काहीही परदेशी नाही, काहीही महाग नाही. तूर, हरभरा, सोयाबीन आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतात पिकतं. अंडी खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं, एका अंड्यात ६ ग्रॅम. प्रोटीन पावडर हा दुधाचाच एक प्रकार समजा. ताट पुरत असेल तर डबा लागत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका.

आईच्या ताटाचा मी असाच हिशेब मांडला तेव्हा २५ ग्रॅमही भरेनात. आणि खरं सांगायचं तर माझ्या डाएटच्या आधीही फार नसावेत. आमच्याकडे बायका शेवटी जेवायच्या. पाहुणा आला की वरणात पाणी वाढायचं, आणि ते पाणी वाढलेलं वरण आई-काकूच्या वाट्याला यायचं. "जुन्या बायका किती काटक होत्या" असं आपण कौतुकाने म्हणतो. कामाने त्या काटक झाल्या खऱ्या, पण ताटाने त्यांना साथ दिली नाही. गुडघे बोलायला लागले, काम सुटलं, आणि मग दोन्ही गेलं.

वजन उचलायचं म्हणजे जिमच हवं का?

नाही. आमच्या भागातून वरुड ओलांडून अमरावतीला गेलं की श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ लागतं. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते सुरू केलं, आणि १९३६ साली मंडळाच्या चमूने बर्लिनच्या ऑलिंपिकवेळी भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. दंड, बैठका, मुद्गल हे ताकदीचेच व्यायाम. तत्त्व एकच: स्नायूला सवयीपेक्षा थोडं जास्त ओझं द्या, आणि ते सवयीचं झालं की आणखी थोडं वाढवा. वर्षभर तेच दोन किलोचे डंबेल हलवत बसलात तर शरीराला नवा निरोप मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर देणारा व्यायाम करायला सांगते, चालणं-फिरणं धरून नव्हे, त्याशिवाय. घरच्या घरी पाच हालचाली पुरतात:

१. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं; जमलं की बैठका.
२. भिंतीला हात टेकून दंड. मग ओट्याला, मग जमिनीवर.
३. डाळ-तांदळाची पिशवी जमिनीवरून उचलणं, पाठ सरळ आणि पिशवी अंगाजवळ ठेवून.
४. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो छातीकडे ओढणं.
५. दोन हातांत दोन भरलेल्या बादल्या घेऊन अंगणात चालणं.

प्रत्येक हालचाल ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बारा सहज झाल्या की ओझं वाढवा. श्वास कोंडून धरू नका. ब्लडप्रेशर, हृदयाचा त्रास, सांधेदुखी असेल किंवा शुगरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण व्यायामाने शुगर खाली येऊ शकते.

आणि मोजायचं काय? काटा आठवड्यातून एकदाच. त्याच्या जोडीला महिन्यातून एकदा कमरेला टेप, आणि ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येतं याची मोजणी. ६५ ते ६९ वयात बाईला ११पेक्षा कमी, पुरुषाला १२पेक्षा कमी वेळा उठता आलं तर पाय कमजोर पडलेत असं समजतात. जिममधल्या यंत्रावर चरबीचा टक्का बघाल तर तो अंगातल्या पाण्याप्रमाणे खालीवर होतो हे लक्षात ठेवा. एका दिवसाच्या आकड्यावर आनंद नको, दुःखही नको. वजन तेवढंच आहे पण कंबर कमी झाली आणि पिशवी जड उचलली जाते आहे? मग अभिनंदन, तुमचं बरोबर चाललं आहे.

आईचं पुढे काय झालं

महाशिवरात्रीनंतर मी डॉक्टरांची आणि आईची, दोघांची माफी मागितली. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेतले. पहिल्या दिवशी ३० सेकंदांत ती ६ वेळा उठली. वहिनीने वरण घट्ट केलं, दूध परत सुरू झालं, संध्याकाळी दह्याची वाटी आली. आठवड्यातून तीन दिवस ओसरीवर खुर्ची मांडली जायची, आणि गल्लीतली पोरं मोजायला उभी राहायची. पहिले दोन महिने काहीच फरक दिसला नाही, उलट मांड्या दुखतात म्हणून आईने मला फोनवर सुनावलं. तिसऱ्या महिन्यापासून आकडा हलायला लागला.

आता वजन ५१चं ५२.५ झालं आहे. काटा म्हणेल, दीड किलो वाढलं. पण कंबर ८८ सेंटिमीटरवरून ८४वर आली आणि उठबस ६वरून ११वर गेली. शुगरची गोळी बंद झालेली नाही, आणि ८४ म्हणजे अजून ८०च्या वरच. चमत्कार काही नाही.

फक्त या लक्ष्मीपूजनाला ती पाटावर बसली, पूजा झाली, आणि मी सवयीने हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. एक गुडघा टेकला, एक हात मांडीवर, आणि उठली. दुसऱ्या दिवशी बागेत आंबिया बहाराची तोडणी चालू होती. मी संत्र्याचं कॅरेट उचलायला गेले आणि अर्ध्यातच खाली ठेवलं. काकू हसली. आई म्हणाली, "आता तुले कोन खुर्ची मांडून देईन व?"

प्रश्न मला होता, पण तो तुम्हालाही विचारते आहे. सोमवारपासून डाएट सुरू करणार असाल तर जरूर करा. पण त्याआधी घरात एक खुर्ची मांडा, तीस सेकंदांचं घड्याळ लावा आणि स्वतःचा आकडा लिहून ठेवा. आणि गावाकडे आई-बाबांना फोन कराल तेव्हा "वजन किती झालं?" विचारण्याऐवजी "खालून उठता येतं ना?" एवढं विचारा.

माझी मोजणी सुरू झाली आहे. पुढच्या महिन्यात भेटू.